फिनिश डॉक्टरांना 'ओइरे' सांगताना या चुका टाळा

फिनलंडमध्ये आरोग्यकेंद्राशी बोलताना पहिली चौकशी होते ती लक्षणांची. लक्षण म्हणजे 'ओइरे', अनेकवचन 'ओइरेएत'. शब्द सोपा आहे, गोची आहे ती त्याला लागणाऱ्या शेपटांत.

सगळ्यात जास्त घोटाळा 'ओइरेएतोन' करतो. 'तोन' म्हणजे आपलं 'रहित', म्हणजे पूर्ण शब्दाचा अर्थ लक्षणरहित. कागदावर घाईघाईत 'ओइरे' दिसतं आणि माणूस हबकतो. प्रत्यक्षात रुग्णाला काहीच त्रास नाही असं लिहिलेलं असतं. त्याचं अनेकवचन 'ओइरेएत्तोमात' तर आणखी फसवं, कारण सुरुवात हुबेहूब 'ओइरेएत'सारखी. फिनिश शब्द शेवटापर्यंत वाचल्याशिवाय निष्कर्ष काढूच नका.

'मला लक्षणं आहेत' हे 'मिनुल्ला ओन ओइरेइता' असं सांगतात. इथे 'ओइरेएत' बसत नाही. मात्र 'लक्षणं काल सुरू झाली' म्हणताना 'ओइरेएत अल्कोइवात एइलेन' हेच बरोबर. चुकलात तरी नर्सला कळतं, त्यामुळे व्याकरणापायी बोलायचं थांबू नका.

इंग्रजीतून भाषांतर करत बसलात की 'मी'पासून सुरुवात होते आणि वाक्य फसतं. त्यापेक्षा मराठी जवळची. आपण 'मला चक्कर येते' म्हणतो, तेही 'मिनुआ हुइमा' म्हणतात. 'मला ताप आहे'चं 'मिनुल्ला ओन कूमेत्ता'. ताप मोजला असेल तर आकडाही सांगा.

नुसतं 'ओलेन किपेअ‍ॅ' म्हटलं तर 'मी आजारी आहे' एवढंच पोचतं. घसा दुखत असेल तर घशाचं नाव घ्या: 'कुर्क्कू ओन किपेअ‍ॅ'.

'ओइरेयुह्त्युमॅ' हे एक लक्षण नव्हे, लक्षणसमूह, म्हणजे सिंड्रोम. आणि 'ओइरेएनमुकाइनेन होइतो' लिहून दिलं म्हणून डॉक्टरांनी हात झटकले असं समजू नका. त्याचा अर्थ लक्षणांनुसार उपचार: साध्या सर्दी-तापात विश्रांती, भरपूर पाणी, लागल्यास पॅरासिटामॉल. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा त्यासाठी हट्ट धरून उपयोग नाही.

छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल तर शब्द शोधत बसू नका, थेट 112 लावा. तातडीचं वाटतंय पण जिवावरचं नाही, अशा वेळी आधी 116117 वर सल्ला घ्या.