किल्टवर लष्करी पदके लावताय? या चुका टाळा

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कोणती पदके लावायची हे किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख, बघून ठरवणे. बघायचे असते कोटाकडे आणि घड्याळाकडे. दिवसाच्या कार्यक्रमाला ट्वीडचा किंवा साधा आर्गाइल (किल्टवर दिवसा घालायचा) कोट, आणि त्यावर पूर्ण आकाराची पदके. संध्याकाळी काळ्या बो टायबरोबर प्रिन्स चार्ली (किल्टवरचा रेशमी लॅपलचा समारंभी) कोट घातला की मिनिएचर, म्हणजे पदकांच्या छोट्या प्रतिकृती, आणि तीही निमंत्रणपत्रिकेत 'डेकोरेशन्स' असे छापले असेल तरच. पूर्ण पदकाची फीत 32 मिलिमीटर रुंद असते, मिनिएचरची 16.

घोळ होतो तो लग्नात. स्कॉटलंडमध्ये कपडे भाड्याने घेतले की दुपारच्या लग्नालाही बऱ्याचदा प्रिन्स चार्लीच हातात पडतो. त्याच्या रेशमी लॅपलवर (छातीवरच्या दुमडलेल्या पट्टीवर) पूर्ण आकाराची चार-पाच पदके टाचली की लॅपल खाली ओघळतो, फिती तिरक्या होतात आणि पदके चालताना कोटावर आपटत राहतात. लावायचीच असतील तर दुकानातून आर्गाइल मागून घ्या. शिंप्याकडून वरच्या खिशाच्या वर दोऱ्याचे दोन फास शिवून घ्या आणि पदकांची पट्टी त्यांत सरकवा. कापडाला भोके पडत नाहीत आणि ओळ सरळ राहते. त्याआधी यजमानांना विचारा, कारण दिवस नवरा-नवरीचा आहे.

फ्लाय प्लेडचा, म्हणजे खांद्यावरून पाठीवर सोडायच्या चौकड्यांच्या कापडाचा, विचार कुणी करतच नाही. ते डाव्या खांद्यावर ब्रोचने अडकवतात आणि पदकांची जागाही डावी छातीच. मानाने मिळवलेली पदके कापडाखाली झाकण्यापेक्षा त्या दिवशी प्लेड घरी ठेवलेले बरे.

क्रम मनाने लावू नका. सर्वांत मानाचे पदक छातीच्या मध्याकडे येते. पदके एकावर एक सरकवावी लागली तरी ते पूर्ण दिसायला हवे. विकत घेतलेली स्मरणपदके या ओळीत अजिबात नकोत.

आजोबा-पणजोबांची पदके नोव्हेंबरच्या रिमेंब्रन्स संडेला (ब्रिटनमधल्या युद्धस्मरणाच्या रविवारी) आवर्जून लावावीत, पण उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याचीच. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही अशी पदके असू शकतात. मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत लढली. यशवंत घाडगे यांना 1944 मध्ये तिथेच मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाला. भारतीय सैनिकांना मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या स्टार्सवर (ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर) मागच्या बाजूला बऱ्याचदा नाव कोरलेले असते. म्हणून समारंभाच्या आदल्या रात्री ब्रासो (धातूचे पॉलिश) लावून घासू नका, अक्षरे झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आणि फीत विरली असेल तर तेवढीच बदलून घ्या.