विदर्भाच्या उन्हात फोनच्या प्रोसेसरचा वेग वाढवताना

फोनचा प्रोसेसर जास्तीत जास्त किती वेगाने चालेल, याची मर्यादा कंपनी आखून देते. ती मर्यादा ओलांडून प्रोसेसर अधिक मेगाहर्ट्झवर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मात्र चंद्रपूर-अकोल्याकडे, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे या वाटेला जाण्यापूर्वी आपला फोन मूळचा वेग तरी टिकवून धरतो का, हे तपासणे आवश्यक आहे. ॲपल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्याची शिफारस करतात. आपल्याकडे मार्च सरला की दुपारची हवा त्या मर्यादेच्या बाहेर गेलेली असते.

प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. ‘सीपीयू थ्रॉटलिंग टेस्ट’ हे ॲप सकाळी सहाच्या सुमारास एकदा आणि भर दुपारी एकदा, प्रत्येकी १५ मिनिटे चालवून दोन्ही आलेख शेजारी ठेवावेत. सकाळची रेषा सपाट राहत असेल आणि दुपारची काही मिनिटांतच घसरत असेल, तर अडचण उष्णतेची आहे आणि मर्यादा वाढवून काहीही हाती लागणार नाही. खेड्यातील बहुतेक फोनांचे दुखणे हेच असते, असे माझे मत आहे. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे असताना जीपीएस, कॅमेरा आणि पूर्ण उजेडावरचा स्क्रीन एकाच वेळी चालू असतो, त्यातच रेंज कमी असल्याने फोन सिग्नलसाठी जास्त वीज ओढत असतो. अशा वेळी जाड कव्हर काढणे, सावलीत थांबणे आणि पॉवर बँक लावलेली असल्यास ती काढणे, एवढ्यानेही फरक पडतो. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा कूलरच्या ओल्या झोतासमोर मात्र ठेवू नये, कारण आत ओलावा धरण्याचा धोका असतो. फोनची साठवण गच्च भरली असल्यास तीही आधी मोकळी करावी.

उष्णतेचा हिशेब नीट समजून घेतल्यास पुढचे निर्णय सोपे जातात. प्रोसेसरला चालताना लागणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज ५ टक्के वाढवावे लागले, तर शक्ती सुमारे २१ टक्क्यांनी वाढते आणि तिची सगळी उष्णता होते. फोनमध्ये पंखा नसतो. ही उष्णता बाहेरच्या हवेलाच द्यावी लागते आणि ती हवाच तापलेली असली की आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होते.

एवढे जाणूनही प्रयोग करायचाच असेल, तर तो घरातील जुन्या, रोजच्या कामात नसलेल्या फोनवर आणि शक्यतो डिसेंबर-जानेवारीत करावा. ज्या फोनवर बँक आणि यूपीआय चालते, तो यासाठी वापरू नये. या कामासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारे, कंपनीने कुलूप लावलेले सॉफ्टवेअर) उघडून फोन रूट करावा लागतो, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवावा लागतो, आणि त्यानंतर अनेक बँकिंग ॲप्स चालण्यास नकार देतात. बूटलोडर उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते आणि काही कंपन्या तो उघडूच देत नाहीत. रूट न करता वेग वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या ॲप्सवर विश्वास ठेवू नये. प्रोसेसरच्या वेगांचा तक्ता कर्नलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यात असतो आणि त्या तक्त्यात नसलेली वारंवारता कोणतेही साधे ॲप निर्माण करू शकत नाही.

सर्वप्रथम फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्यावेत आणि मूळ फर्मवेअर (कंपनीने दिलेले फोनचे संपूर्ण सॉफ्टवेअर) संगणकावर जपून ठेवावे. नंतर आपल्या नेमक्या मॉडेलसाठी आणि अँड्रॉइडच्या नेमक्या आवृत्तीसाठी तयार केलेले कर्नल निवडावे. एकाच नावाच्या फोनचे दोन प्रकार असू शकतात आणि एकाचे कर्नल दुसऱ्यावर चढवल्यास फोन सुरूच न होण्याचा धोका असतो. चढवण्यापूर्वी मूळ बूट इमेजची (ज्या फाइलमध्ये कर्नल असते तिची) प्रत काढावी आणि बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. मधेच वीज गेली तरी काम अडू नये म्हणून डेस्कटॉपऐवजी चार्ज केलेला लॅपटॉप घ्यावा.

नवे कर्नल सुरू झाल्यावर कर्नल मॅनेजर या प्रकारच्या, कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या ॲपमधून कमाल वेग एकच पायरी वाढवावी, व्होल्टेजला हात लावू नये आणि ‘बूट झाल्यावर लागू करा’ हा पर्याय बंद ठेवावा. तो बंद असला म्हणजे फोन अडकला तरी पुन्हा सुरू करताच जुन्या वेगावर येतो. नंतर तीच १५ मिनिटांची चाचणी घ्यावी. फोन आपोआप बंद पडला, स्क्रीन गोठला किंवा ॲप्स विनाकारण बंद होऊ लागली, तर एक पायरी खाली यावे. बॅटरीचे तापमान ४२ अंशांवर गेले की मी चाचणी थांबवतो. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणे तिच्यासाठी घातक असते, त्यामुळे चाचणीच्या वेळी चार्जर कधीही लावू नये. थर्मल संरक्षण, म्हणजे तापल्यावर वेग कमी करणारी फोनची व्यवस्था, बंद करण्याचा सल्ला कुणी दिल्यास तो ऐकू नये.

काही दिवस फोन नीट चालला, तरच ‘बूट झाल्यावर लागू करा’ हा पर्याय चालू करावा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी मूळ मर्यादा परत आणावी. फोन विकायचा किंवा कुणाला द्यायचा झाल्यास आधी संपूर्ण मूळ फर्मवेअर चढवावे आणि त्यानंतरच बूटलोडर बंद करावा. बदललेले कर्नल आत असताना तो बंद केल्यास फोन कायमचा निकामी होऊ शकतो.