घरातल्याच डब्यांतून स्वस्त जेवण करताय? मग या चुका टाळा

दोन तास राजमा गॅसवर उकळत होता आणि तरी दाताखाली कचकच लागत होता. नवीन काही आणायचं नाही, डब्यांत आहे त्यातच आठवडा काढायचा असं मी ठरवलं होतं, आणि पहिल्याच रात्री तो राजमा फेकून बाहेरून जेवण मागवलं. म्हणजे राजमा गेला, गॅस गेला आणि वर बाहेरच्या जेवणाचे पैसे गेले. नंतर शोधल्यावर कळलं की राजमा खूप जुना होता, भिजवला होता जेमतेम तासभर, आणि टोमॅटो मी सुरुवातीलाच घातले होते. तीन चुका आणि तिन्ही टाळता आल्या असत्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की साठ्यातून स्वयंपाक फसतो तो सामान कमी असतं म्हणून फसत नाही, उशिरा सुरू केला आणि क्रम चुकला म्हणून फसतो. सुकं सामान महिनोन्महिने डब्यात बसलेलं असतं, त्याला जागं करायला वेळ लागतो, पाणी लागतं, आणि काय आधी काय नंतर हे बघावं लागतं.

आधी रेसिपी उघडू नका, डबे उघडा

घरात चणे आहेत म्हणून आपण चण्यांची रेसिपी शोधतो, त्यात अजून सहा वस्तू निघतात ज्या घरात नाहीत, मग त्या आणायला जातो, आणि त्यातल्या चार अर्ध्या वापरून पुन्हा कपाटात मागे जाऊन पडतात. पुढच्या महिन्यात परत तेच. त्यापेक्षा एक कागद घ्या आणि आधी फोडलेली पॅकेटं लिहा, मग सगळ्यात जुनं काय आहे ते, मग फ्रिजमध्ये मऊ पडायला आलेलं काय आहे ते. जेवण त्या यादीच्या वरच्या टोकापासून ठरवायचं.

जेवण जुळवताना मी चार गोष्टी बघते. पोट भरणारं काहीतरी (तांदूळ, पास्ता, बटाटे, पीठ, ओट्स), प्रोटीनचं काहीतरी (डाळ, कडधान्य, अंडी, शेंगदाणे), चवीचा पाया म्हणजे कांदा लसूण मसाले, आणि चौथं आंबट. चौथं बहुतेक जण विसरतात, त्याबद्दल पुढे सांगतेच. आणि रेसिपीतली एखादी वस्तू घरात नसेल तर ती तिथे काय काम करत होती ते बघा. क्रीम जर दाटपणासाठी असेल तर मूठभर शिजलेलं कडधान्य कुस्करून घाला, काम होतं. लिंबू नसेल तर व्हिनेगर. ब्रेडचा चुरा नसेल तर ओट्स जाडसर वाटून.

आणि हा कागद रात्री बघायचा. सकाळी बघितला तर भिजवायची वेळ गेलेली असते.

कडधान्य शिजतच नाही, का?

यावर थोडं सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त गॅस आणि सगळ्यात जास्त धीर इथेच संपतो.

पहिलं कारण वय. कडधान्य उबदार, दमट जागी खूप महिने राहिलं की त्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन घट्ट होत जातं आणि मग ते नुसत्या उकळण्याने सुटत नाही. काही दाणे तर गणंगच निघतात, म्हणजे कितीही भिजवा, टणकच. भिजवून झाल्यावर हाताने चाचपून असे दाणे वेगळे काढा.

दुसरं कारण आंबट. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर, लिंबू यातलं काहीही आधी घातलं की पेक्टिन विरघळायचं काम मंदावतं, त्यामुळे कडधान्य पूर्ण मऊ झाल्यावरच आंबट घाला. तिसरं कारण जड पाणी, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालं कडक ठेवतं.

आणि मिठाबद्दल जे सगळीकडे सांगतात की मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही, ते उलट आहे. भिजवायच्या पाण्यात १ लिटरला १ मोठा चमचा मीठ घातलं तर सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं, फुटतही कमी. मी आता प्रत्येक वेळी असंच करते. ८ ते १२ तास भिजवायचं, ते पाणी फेकायचं, धुवायचं आणि नवीन पाण्यात शिजवायचं. वेळच नसेल तर (राजमा सोडून, त्याचं पुढे सांगते) २-३ मिनिटं खळखळून उकळवा, गॅस बंद करा, झाकून तासभर ठेवा, ते पाणी टाका आणि मग शिजवायला घ्या, हाही चालणारा मार्ग आहे.

आता ऐनवेळी कडक राहिलंच तर? अर्धा किलो सुक्या कडधान्याला पाव छोटा चमचा खायचा सोडा घाला आणि प्रेशर कुकरला लावा. कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, उघड्या पातेल्यात १०० च्या वर जाऊच शकत नाही, फरक तिथेच पडतो. सोडा मोजूनच घाला, जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि बी१ जीवनसत्त्वही जातं. मसूर डाळीला यातलं काहीच लागत नाही, ती न भिजवता २०-२५ मिनिटांत मऊ होते, म्हणून ज्या रात्री काहीच भिजवलेलं नाही त्या रात्री मसूर.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. लाल राजम्यात एक नैसर्गिक विषारी लेक्टिन असतं, कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणे खाल्ले तरी काही तासांत जोरदार उलट्या जुलाब होऊ शकतात. किमान ५ तास भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात चांगला खळखळून उकळणं गरजेचंय, ३० मिनिटं धरून चाला. इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथे तापमान पुरेसं चढत नाही आणि कमी उष्णतेत हे विष उलट वाढू शकतं. माझा तो राजमा दोन तास खळखळून उकळलेला होता म्हणून मला काही झालं नाही, पण तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं आणि आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

अंदाज चुकू नये म्हणून सांगते, १ वाटी सुकं कडधान्य शिजून अडीच ते तीन वाट्या होतं. तांदूळही साधारण तिप्पट. दोन माणसांना दोन वाट्या भिजवल्या की तीन दिवस तेच खावं लागतं आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून फेकलं जातं.

उरलेला भात ओट्यावर राहू देऊ नका

स्वस्त म्हणून आपण भात जास्तीचा लावतो आणि तो रात्रभर पातेल्यातच राहतो. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवताना मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष परत गरम करून जात नाही, म्हणून "चांगला परतून घेतला की झालं" हे इथे लागू पडत नाही. भात ताटात पसरवून गार करा, तासाभरात, फार तर दोन तासांत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. एकदाच गरम करायचा. पास्ता, उकडलेले बटाटे, शिजलेली डाळ यांनाही हाच दोन तासांचा नियम लावा.

सगळं घातलं तरी चव लागत नाही

हे झालं की लोक अजून मीठ घालतात, मग अजून मसाला, आणि शेवटी ते खारट आणि तरीही सपक असं काहीतरी होतं. मला विचाराल तर पाच मिनिटं थांबा आणि काय राहिलं ते शोधा.

मसाले पाण्यात टाकले होते का? मसाल्यातला वास देणारा बराचसा भाग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून ते तेलात अर्धा मिनिट परतून मग बाकीचं घालायचं. आता राहिलंच असेल तर छोट्या कढल्यात चमचाभर तेल तापवून त्यात मसाला परता आणि वरून ओता. कांदा नुसता पांढरा मऊ करून सोडला होता का? डाळ-भाताच्या स्वस्त जेवणात खरी चव कांद्यातूनच येते, त्याला मध्यम आचेवर १५ मिनिटं तरी द्या, तपकिरी होऊ द्या, खाली लागलं तर चमचाभर पाणी घालून खरवडून घ्या. टोमॅटो पेस्ट असेल तर तीही तेलात रंग गडद होईपर्यंत परता, डब्यातून थेट रश्श्यात टाकली तर कच्ची लागते.

आणि मग आंबट. मीठ बरोबर आहे, मसाला आहे, तरी काहीतरी कमी वाटतंय, अशा वेळी दहापैकी आठदा अर्धा चमचा व्हिनेगर किंवा लिंबू कमी असतं. अगदी शेवटी, गॅस बंद करून घाला. डाळीच्या सूपमध्ये हे केल्यावर जो फरक पडतो तो एकदा करून बघाच.

मसाल्याचा डबा उघडून वासच येत नसेल तर तो मसाला खराब झालेला नाही, दुबळा झालाय, जास्त घालून संपवा. दळलेले मसाले लवकर वास सोडतात, अख्खे जास्त टिकतात.

खारट, पातळ, करपलं

खारट झालं तर बटाटा टाकून मीठ ओढून घेतलं जातं असं म्हणतात, तसं होत नाही, बटाटा फक्त खारट पाणी पितो. बिनमिठाची डाळ, भात, पाणी असं काहीतरी वाढवा आणि जास्तीचं फ्रीझ करा. पातळ झालं तर पळीभर कडधान्य कुस्करा किंवा पास्त्याचं पाणी घाला, त्यात स्टार्च असतो. करपलं तर अजिबात ढवळू नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा.

तारीख बघून फेकणं, आणि न बघता वापरणं

दोन्हीकडून चूक होते. "बेस्ट बिफोर" ही दर्जाची तारीख आहे, त्यानंतर पास्ता, पांढरा तांदूळ, साखर, मीठ, सुकी डाळ लगेच वाईट होत नाही. "यूज बाय" मात्र सुरक्षिततेची, ती पाळाच. होल ग्रेन पीठ, ब्राऊन राईस, शेंगदाणे यांच्यात तेल असल्याने ते लवकर खवट होतात, नाकाने कळतं.

काही गोष्टींत मात्र पैशाचा विचार करूच नका. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर खोल चेपलेला कॅन उघडून वास घेत बसू नका, थेट टाकून द्या, त्यात बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा धोका असतो आणि तो वासाने कळेलच असं नाही. बुरशी आलेलं धान्य आणि शेंगदाणेही गेलेच समजा, वरची बुरशी पुसून किंवा भाजून त्यातलं विष जात नाही. बटाटा थोडा हिरवा असेल तर हिरवा भाग आणि कोंब जाडसर कापून काढा, बराच हिरवा किंवा कडवट असेल तर पूर्ण टाका. घरी लसूण तेलात घालून बाहेर ठेवत असाल तर तेही बंद करा, फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

किडे झाले तर सगळं कपाट रिकामं करून सगळे डबे बघा, एका पॅकेटमध्ये कधीच थांबत नाहीत ते. नवीन आणलेलं पीठ, धान्य ४ दिवस फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवून मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं की अंडीही मरतात.

बेकिंग पावडर जुनी वाटत असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर चांगली. सोडा असेल तर व्हिनेगर टाकून बघा. यीस्ट कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून १० मिनिटं ठेवायचं, फेस आला नाही तर त्याच्यावर अर्धा किलो पीठ वाया घालवू नका.

एकाच वेळेचं शिजवणं

एक वाटी चणे शिजवायला जेवढा गॅस लागतो त्यापेक्षा थोडासाच जास्त तीन वाट्यांना लागतो, तेव्हा कुकर लावताय तर भरून लावा (पण अर्ध्याच्या वर नाही, कडधान्य फुगतं आणि फेसाने वाफेची जागा बंद होते). गार झालं की एका जेवणापुरतं, त्याच्याच शिजलेल्या पाण्यात बुडवून, पिशवीत चपटं करून फ्रीझ करा. गोळा करून ठेवलं तर अर्धवट वितळतं आणि सगळंच बाहेर काढावं लागतं. पिशवी पाण्याने भिजायच्या आधी त्यावर नाव आणि तारीख लिहा, कारण गोठल्यावर चणे आणि राजमा यातला फरकसुद्धा चटकन दिसत नाही.