प्रेअरीतली तळी आणि बदकं: नोंदी ठेवताना या चुका टाळा

जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला किंवा जायकवाडीला पाणपक्ष्यांची गणना केलेला माणूस शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मिनेसोटा, डाकोटा किंवा सस्कॅचवानकडे गेला, की सामानात दुर्बीण असतेच. तिथल्या वन्यजीव अभयारण्यांच्या कामात हातभार लावायची हौसही असते. पण आपल्याकडची गणना असते हिवाळी पाहुण्यांची. थवा दिसला, मोजला, लिहून टाकला. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीत मात्र पिनटेल (आपला तलवार बदक), शॉव्हलर (थापट्या), गडवाल हे पक्षी घरटी करायला येतात. त्यामुळे मोजण्याचे नियम बदलतात. शिवाय ज्या तळ्यावर मोजायचं, ते तळंही दरवर्षी तसंच राहत नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

प्रेअरीतला हा तळ्यांचा पट्टा कॅनडाच्या तीन प्रांतांत आणि अमेरिकेच्या पाच राज्यांत पसरलेला आहे. हिमयुगाच्या शेवटी हिमनद्या मागे हटताना जमिनीत लाखो खळगे राहिले. ते बर्फाच्या आणि पावसाच्या पाण्याने भरतात. काही आठवडाभरात आटतात, काही वर्षानुवर्षं टिकतात. खंडातल्या निम्म्याहून अधिक बदकांची वीण याच पट्ट्यात होते असं मानलं जातं. १९३० च्या दशकातल्या भीषण दुष्काळात बदकांची संख्या घसरली, तेव्हा इथे एकामागून एक अभयारण्यं उभी राहिली. नॉर्थ डाकोटातली अप्पर सूरिस आणि लोअर सूरिस (आजचं जे. क्लार्क सॅलियर), साउथ डाकोटातलं सँड लेक आणि माँटानातलं मेडिसिन लेक ही सगळी १९३५ ची.

तुडुंब तळं पाहून खूश होऊ नका

दुष्काळी मुलखातून आलेल्या माणसाला भरलेलं तळं दिसलं की बरं वाटतं. हा संस्कार सहज जात नाही. पण प्रेअरीत सलग काही वर्षं पाणी चढलेलंच राहिलं, तर तळ्याचा कस उतरतो. कोरड्या वर्षी तळाचा गाळ उघडा पडतो, त्यातला पाला कुजून अन्नद्रव्यं मोकळी होतात, दडून बसलेलं बियाणं रुजतं. पुढच्या वर्षी पाणी परत आलं की किडे, अळ्या, गोगलगायी यांची रेलचेल होते. अंडी घालणाऱ्या मादीला आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना नेमकं हेच खाद्य लागतं. पाणी कधी आटलंच नाही, तर फॅटहेड मिनोसारखे छोटे मासे टिकून राहतात आणि तेच किडे फस्त करतात. उथळ, स्थिर पाण्यात पाणकणीस माजतं. खोल, स्थिर पाण्यात ते बुडून मरतं आणि नुसता उघडा पाणपसारा उरतो. दोन्ही टोकं बदकांना नकोशी. साधारण अर्धं पाणी, अर्धी वनस्पती अशा मिश्र अवस्थेत प्रजनन करणाऱ्या पक्ष्यांची गर्दी सर्वांत जास्त दिसते.

म्हणून नोंदवहीत ‘पाणी: भरपूर’ एवढं लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. उघडं पाणी किती, उभी वनस्पती किती, काठाला चिखलाचा पट्टा आहे का, पाणी मागच्या महिन्यापेक्षा चढतंय की उतरतंय, हे लिहायला हवं. एकाच जागी उभं राहून, एकाच दिशेने काढलेला फोटो दर खेपेला जोडला, तर पाच वर्षांनी त्याची किंमत कळते. सूरिस नदीवरच्या अभयारण्यांत बांध घालून पाणी अडवलेलं आहे. तिथे एखादा जलाशय मुद्दाम उतरवलेला असू शकतो. तो रिकामा पाहून ‘तळं आटलं, अधिवास नष्ट’ अशी नोंद करण्याआधी, यंदा कुठल्या जलाशयातलं पाणी सोडलंय हे कार्यालयात विचारा.

पाणी चढण्याची हद्द पाहायची असेल तर नॉर्थ डाकोटातलं डेव्हिल्स लेक पाहा. १९८८ ते १९९२ च्या दुष्काळानंतर ओली वर्षं सुरू झाली. नेहमीच्या पातळीला या सरोवरातून पाणी बाहेर जायला नैसर्गिक वाटच नाही. १९९३ ते २०११ या काळात ते सुमारे ३० फुटांनी चढलं आणि रस्ते, शेतं, घरं गिळत गेलं. अशा ठिकाणी दहा वर्षांपूर्वीचा ‘काठ’ आज पाण्याखाली असतो. जुन्या निरीक्षणबिंदूवरून केलेली मोजणी नव्या मोजणीशी थेट ताडून पाहता येत नाही. जागा सरकवावी लागली तर तारखेसकट लिहून ठेवा.

मोजपट्टी खोटं बोलत नाही, पण

पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवर आकडा वाचणं यापेक्षा सोपं काम नाही, असं वाटतं. तीन गोष्टी ते बिघडवतात. पहिली, वारा. ही तळी उथळ आणि लांबट असतात. दिवसभर एकाच दिशेने जोराचा वारा वाहिला की पाणी एका टोकाला लोटलं जातं. पट्टी त्या टोकाला असेल तर तळं ‘चढलं’, दुसऱ्या टोकाला असेल तर ‘उतरलं’. शांत सकाळी वाचा, आणि वारा असेल तर त्याची दिशा लिहा. दुसरी, बर्फ. हिवाळ्यात गोठलेलं पाणी पट्टी उचलतं, वाकवतं. वसंतात पहिलं काम म्हणजे पट्टीचा शून्य पक्क्या खुणेशी पुन्हा जुळवणं.

तिसरी सर्वांत त्रासदायक. अमेरिकेतल्या जुन्या नोंदी १९२९ च्या उंची-आधारावर (जिथून उंची मोजायची त्या ठरलेल्या शून्यावर) आहेत आणि नव्या १९८८ च्या. या भागात दोहोंत साधारण फुटाभराचा फरक पडतो. ज्या तळ्याची खोलीच तीन-चार फूट, तिथे एक फूट म्हणजे केवढं! तुमच्या आलेखात एखाद्या वर्षी पाणी एकदम फूटभर उडी मारत असेल आणि त्या साली विशेष पाऊस नसेल, तर आकाशाकडे बघण्याआधी उंचीचा आधार बदलला होता का ते तपासा.

आता खारेपणा. तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून जोखतात, आणि ही वाहकता तापमानानुसार बदलते, दर अंश सेल्सियसला साधारण दोन टक्के. मेमधलं ५ अंशांचं पाणी आणि ऑगस्टमधलं २५ अंशांचं पाणी तापमानाची दुरुस्ती न करता ताडून पाहिलं, तर क्षार तेवढेच असूनही तळं खारं होत चालल्याचा भास होतो. मीटर २५ अंशांवरचा आकडा देतोय ना, ही एक सेटिंग पाहून घ्या. दुसरं, स्वस्त मीटर वाहकतेवरून ‘एकूण विरघळलेले क्षार’ असा आकडा काढून देतात. तो हिशोब बहुधा मिठाच्या पाण्यावर बेतलेला असतो. प्रेअरीतल्या कित्येक तळ्यांत मात्र सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं जास्त असतात. म्हणून वाहकता आहे तशी लिहा, रूपांतराच्या भानगडीत पडू नका. बर्फ वितळताना वरच्या थरात गोड पाणी तरंगत असतं. काठावरून बाटली बुडवली तर तेच हाती येतं.

हा आकडा पिल्लांसाठी महत्त्वाचा आहे. मोठ्या बदकांच्या क्षारग्रंथी जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांना ते तितकंसं जमत नाही. वाहकता दर सेंटिमीटरला २०,००० मायक्रोसीमेन्सच्या (हे वाहकतेचं एकक) पुढे गेलेल्या पाण्यात, जवळ गोड झरा नसेल तर, मॅलार्ड जातीच्या बदकांची पिल्लं जगत नाहीत. मोठी बदकं मजेत पोहताना दिसली म्हणून तळं विणीला योग्य आहे असं समजू नका.

एकटा नर म्हणजे एक पक्षी नव्हे

जानेवारीतल्या गणनेची सवय इथे सर्वांत जास्त नडते. मेमध्ये मॅलार्डचा एकटा नर पाण्यात दिसला, तर मादी बहुधा जवळच्या गवतात घरट्यावर आहे. म्हणून तो एक जोडी धरला जातो. दोन ते चार नर एकत्र असतील तर तितक्याच जोड्या. पाच किंवा अधिक नरांचा घोळका असेल तर त्यांची जोडी धरत नाहीत, नुसते पक्षी मोजतात. रेडहेड, स्कॉप, रिंग-नेक्ड आणि रडी या डुबकी मारणाऱ्या बदकांचा नियम पुन्हा वेगळा. त्यांच्यात नर मुळातच जास्त असतात, त्यामुळे एकट्या नराची जोडी धरायची नाही. नोंदवहीत ‘मॅलार्ड ९’ असं लिहिलं, तर त्यातून जोड्या कधीच काढता येणार नाहीत. ‘जोडी ३, एकटा नर ३’ असं लिहिलं, तर येतील.

एकाच फेरीत काम उरकणं ही पुढची चूक. मॅलार्ड आणि पिनटेल लवकर येतात, ब्लू-विंग्ड टील, गडवाल आणि रडी उशिरा. मेच्या सुरुवातीला एक आणि मेच्या अखेरीस ते जूनच्या आरंभी दुसरी, अशा दोन फेऱ्या लागतात. प्रत्येक जातीसाठी तिची योग्य फेरी वापरायची, दोन्हींची बेरीज करायची नाही.

‘जुलैअखेर सगळ्या माद्याच दिसतात, नर गेले कुठे?’ ही शंकाही नेहमीची. त्यातले बरेच तिथेच असतात. वीण आटोपली की नर रंगीत पिसं टाकून मादीसारखे मळकट होतात, आणि उडण्याची पिसंही एकदमच गळाल्याने तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. या काळात नर-मादी प्रमाण मांडू नका, आणि होडी घेऊन पाणकणसात घुसू तर मुळीच नका. पळायला त्यांच्यापाशी पंख नसतात.

घरट्यांचं फसवं यश

हा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. समजा, कुठल्याही एका दिवशी घरटं वाचण्याची शक्यता ९५ टक्के आहे. ऐकायला छान वाटतं. पण मॅलार्डला पहिलं अंडं घालण्यापासून पिल्लं निघेपर्यंत सुमारे ३५ दिवस लागतात. ०.९५ चा ३५ वेळा गुणाकार केला की उरतात जेमतेम १७ टक्के. आता तुम्हाला सगळी घरटी विसाव्या दिवशी सापडली असं धरा. पुढचे १५ दिवस काढायचे, म्हणजे ४६ टक्के घरटी यशस्वी झालेली दिसणार. ज्या घरट्यांवर कोल्ह्याने किंवा स्कंक या छोट्या प्राण्याने आधीच डल्ला मारला, ती तुमच्या यादीत आलीच नाहीत. मॅलार्डची संख्या टिकायला साधारण १५ टक्के घरटी यशस्वी व्हावी लागतात असं मानतात. म्हणजे खरा आकडा काठावरचा आणि आपण अहवालात लिहितोय जवळपास तिप्पट! पक्षी-अभ्यासक हॅरल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्ये यावर उपाय सुचवला: घरटं किती दिवस नजरेखाली होतं ते मोजा आणि त्यावरून रोजची तगण्याची शक्यता काढा. त्यासाठी घरटं सापडल्याची तारीख आणि तेव्हा अंडी किती दिवसांची होती, एवढं तरी लिहिलेलं हवं. अंडं उजेडासमोर धरून वय ओळखणं शिकवल्याशिवाय येत नाही, आणि परवानगीशिवाय करायचंही नाही.

पक्षी कमी दिसले की घाई नको

प्रेअरी कोरडी पडली की पिनटेल तिथे न थांबता पुढे उत्तरेला, थेट अलास्कापर्यंत निघून जातात. तुमच्या अभयारण्यात त्या वर्षी ते निम्मे झाले, याचा अर्थ खंडात निम्मे झाले असा होत नाही. उलटही खरं. ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या शेतांत शिकार सुरू झाली की पक्षी शिकारबंदी असलेल्या तळ्यावर दाटीवाटीने जमतात, आणि आकडा फुगतो. म्हणून एका तळ्याचा आकडा मोठ्या सर्वेक्षणाशेजारी ठेवून वाचावा. अमेरिका आणि कॅनडा १९५५ पासून दर मेमध्ये विमानातून ठरलेल्या रेषांवर बदकं मोजतात. विमानातून सगळं दिसत नाही, म्हणून काही पट्ट्यांत जमिनीवरची पथकं तीच मोजणी करतात आणि त्यावरून दुरुस्ती ठरते. २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे ही मोजणी झाली नाही. त्या दोन वर्षांच्या जागी शून्य टाकलेले आलेख पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

नॉर्थ डाकोटातल्या चेस लेकचं उदाहरण बदकांचं नाही, पेलिकनांचं आहे, पण इथे चपखल बसतं. २००४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तिथल्या वसाहतीतले सुमारे २८,००० पांढरे पेलिकन अंडी-पिल्लं टाकून निघून गेले. तर्क पुष्कळ झाले, सर्वमान्य कारण सापडलं नाही. पुढच्या वर्षी पक्षी परत आले. अशा वेळी नोंदीत ‘काय दिसलं’ आणि ‘मला काय वाटतं’ यांचे रकाने वेगळे ठेवा.

मेलेला पक्षी हातात घेऊ नका

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, ऊन तापलं आणि पाणी उतरलं की बोट्युलिझमची (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्याची) साथ येऊ शकते. पक्ष्याला मान धरवत नाही, पंख टाकून तो पाण्यावर पसरतो आणि शेवटी बुडतो. विष मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्यांत साठतं, त्या अळ्या दुसरं बदक खातं आणि फेरा चालू राहतो. राजस्थानातल्या सांभर सरोवरात नोव्हेंबर २०१९ मध्ये १८,००० हून अधिक पक्षी मेले, ते याच रोगाने. पण लक्षणं पाहून आपणच निदान करू नये. २०२२ च्या वसंतात डाकोटांमध्ये स्नो गीज (एक प्रकारचे कलहंस) मेले ते बर्ड फ्लूने, आणि तो माणसालाही होऊ शकतो. जागा, तारीख, जात, मेलेले किती, आजारी किती हे लिहून फोटोसकट त्याच दिवशी अभयारण्याच्या कार्यालयाला कळवा. मेलेले पक्षी उचलून साथ थांबवू, हा उत्साहही आवरा. कॅनडाच्या प्रेअरीतल्या मोठ्या तळ्यांवर तसं करून पाहिलं, तेव्हा जगणाऱ्या बदकांच्या प्रमाणात फारसा फरक पडला नव्हता. उचलायचे की नाही आणि कोणी, हे तिथले जीवशास्त्रज्ञ ठरवतात.

आणि ड्रोन घरीच ठेवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांत खास परवान्याशिवाय तो उडवणं बेकायदा आहे, मग तुमचा हेतू गणनेचा का असेना.