चिल्लरीत दुर्मीळ नाणी शोधताना या चुका टाळा

परभणीत किराणा दुकान चालवणारे माझे एक स्नेही महिन्यातून एकदा गल्ल्यातील चिल्लर माझ्यासमोर ओततात. गेल्या खेपेला त्यांनी अकरा नाणी ‘ठसा उलटा पडला आहे’, म्हणजे छपाईतल्या दोषामुळे दुर्मीळ आहेत, म्हणून वेगळी काढून ठेवली होती, आणि त्या अकराही नाण्यांत कोणताच दोष नव्हता. तव्यावरची भाकरी उलटावी तसे ते नाणे वरून खाली उलटत होते. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजूंचे ठसे एकाच दिशेने उभे असतात, त्यामुळे नाण्याची वरची व खालची कड चिमटीत धरून, पुस्तकाचे पान उलटावे तसे ते फिरवायचे असते. तसे फिरवूनही मागची बाजू तिरकी किंवा उलटी दिसली, तरच ते नाणे जपून ठेवावे. अमेरिकी नाण्यांचे ठसे मात्र एकमेकांच्या उलट असतात, म्हणून तिकडचे व्हिडिओ पाहून आपली नाणी तपासणाऱ्याला प्रत्येक नाणे दुर्मीळ वाटू लागते.

दुसरी चूक टांकसाळीच्या खुणेबाबत होते. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असेल तर नाणे मुंबईचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि चांदणी असेल तर हैदराबादचे. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते, त्यामुळे खूण नसणे हा दोष नव्हे. (१९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या मराठवाड्यात जुन्या पेट्यांतून अजूनही हाली सिक्का, म्हणजे निजामाचे नाणे, निघतो, त्यामुळे ही चांदणी दिसली की माझा हात क्षणभर थांबतोच.) साच्यात वंगण किंवा कचरा साचला तरी खूण पुसट उमटते, अशा वेळी भिंगाखाली सालाखालची जागा नीट पाहावी.

टांकसाळीतून बाहेर पडल्यावर नाण्याला झालेली इजा आणि मुळातला दोष यांत तर नेहमीच गल्लत होते. काही नाण्यांच्या एका बाजूवर आरशातल्यासारखी उलटी आकृती दिसते; ती पकडीत दोन नाणी दाबूनही उमटवता येते, पण त्या दाबाने मूळ नक्षी चपटी होते. खऱ्या दोषात एका बाजूला आत गेलेली उलटी आकृती असते आणि दुसरी बाजू सहसा ठसठशीत असते. कडेचा तुकडा नसलेले नाणे दिसले, तर कानशीचे ताजे ओरखडे आहेत का, ते आधी पाहावे. नाणे दुसऱ्याच नाण्याच्या कोऱ्या चकतीवर छापले गेल्याची शंका आली, तर सोनाराच्या काट्यावर वजन करावे: २०११ साली आलेल्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा, तर दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे आहेत. १९९२ नंतरचा मोठा पोलादी रुपयाही ४.८५ ग्रॅमचाच होता, म्हणून साल पाहिल्याशिवाय वजनावरून निष्कर्ष काढू नये.

सर्वांत जास्त नुकसान मात्र घरातच होते. चिंच, लिंबू किंवा राखेने नाणे घासू नका. घासल्याने पृष्ठभागावर उठलेले बारीक ओरखडे कधीच जात नाहीत, आणि जाणकार संग्राहक असे नाणे हातातही धरत नाही. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडावर ठेवावे, पुसू नये.

वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच व दहा रुपयांची नाणी लाखो रुपयांना विकली जातात, ही अफवा आपल्याकडे गावोगाव पोहोचली आहे. प्रत्यक्षात ती चलनातली साधी स्मारक नाणी आहेत. नाणे विकून देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. आपण असे कोणतेही शुल्क वा कमिशन घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.