एन्झायटी आणि डिप्रेशन दोन्ही एकदम असेल तर काय करायचं

एन्झायटी वेगळी आणि डिप्रेशन वेगळं हे वाचायला ठीक आहे, प्रत्यक्षात बऱ्याच जणांना दोन्ही एकत्रच असतं. रात्री दोन वाजता उद्याच्या मीटिंगच्या विचाराने छाती धडधडत असते आणि सकाळी त्याच मीटिंगसाठी अंथरुणातून उठवत नाही. घरचे म्हणतात एवढी काळजी आहे तर उठून कामाला लाग की! त्यांना कळत नाही की भीती वाटते म्हणून माणूस टाळतो, टाळलं की कामं साठतात, साठली की स्वतःची लाज वाटते आणि मग अजूनच पांघरुणात शिरायचं. खाली जे सांगतोय ते बरंचसं ह्या टाळण्याची सवय ढिली करण्यासाठीच आहे.

आधी डॉक्टर. आपल्याकडे बहुतेक लोक धडधड म्हणून ईसीजी काढतात, पोटात गोळा येतो म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या खातात आणि यात वर्ष जातं. छातीत पहिल्यांदा दुखलं तर ईसीजी काढायलाच पाहिजे, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ पण बघून घ्या, त्यातल्या गडबडीनेही थकवा नाहीतर घाबरल्यासारखं होतं. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही असं नाही, तिथून पुढे सायकियाट्रिस्टकडे जायचं. प्रायव्हेट परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे का विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत, तिथल्या ओपीडीत तुमच्याआमच्यासारखे नोकरी-धंदा करणारे पण येतात, केसपेपर काढायचा आणि नंबर लावायचा, पाटीवरच्या नावाला बिचकू नका.

आत गेल्यावर गंमत अशी होते की माणूस फक्त धडधड सांगतो, कारण ती सांगायला सोपी. रडू येतं, कशातच रस नाही, हे तसंच राहतं. म्हणून आदल्या रात्री मोबाइलमध्ये लिहून ठेवा: झोप किती, भूक कशी, किती आठवड्यांपासून, घरात आधी कुणाला होतं का, दारू-सिगरेट किती (खरं लिहा, डॉक्टर काही सासरे नाहीत). अजून एक, आधी कधी चार-पाच दिवस सलग जेमतेम झोपूनही एकदम फ्रेश, बोलणं सुसाट, पैसे उडवले असं झालं असेल तर ते नक्की सांगा. ते बायपोलर (कधी मूड एकदम चढतो, कधी डिप्रेशन येतं असा आजार) असू शकतं आणि मग नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते.

गोळ्यांचं म्हणाल तर एसिटालोप्राम, सरट्रालीन ह्या प्रकारची औषधं दोन्हींवर चालतात, म्हणजे दोन आजारांना दोन वेगळ्या गोळ्या लागतीलच असं नाही. पण त्यांना वेळ लागतो. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे, पूर्ण असर यायला अजून जास्त, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा उलट वाढू शकतो. एन्झायटीवाला माणूस इथेच घाबरून गोळी बंद करतो. बंद नका करू, डॉक्टरांना फोन करा, डोस कमी करून सुरू करता येतो. मात्र बेचैनी फारच वाढली किंवा जीव द्यायचे विचार यायला लागले तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर तर सुरुवातीला घरच्यांनी लक्ष ठेवायलाच हवं. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामने लगेच शांत वाटतं, म्हणूनच ती थोड्या दिवसांपुरती असतात, सवय लागते. मावशीच्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी वगैरे प्रकार नकोत, आणि त्यावर दारू तर अजिबातच नको.

आता थेरपीतला मला सगळ्यात कामाचा वाटणारा भाग, तो घरीही सुरू करता येतो. समजा बँकेचा मेल आलाय आणि आठवडाभर उघडलेला नाही. आज फक्त उघडून वाचायचा, उत्तर द्यायचं नाही. छातीत धडधडेल, धडधडू द्या, मोबाइल बाजूला न टाकता थोडं थांबा, ती आपोआप उतरायला लागते. उद्या दोन ओळींचं उत्तर, परवा लागलाच तर फोन. इच्छा झाल्यावर करू म्हणाल तर डिप्रेशनमध्ये ती इच्छा येतच नाही, आधी करायचं आणि वाटणं मागून येतं. फिरायचंही तसंच, पाच किलोमीटर कशाला, चप्पल घालून गेटपर्यंत जाऊन या, पण रोज त्याच वेळेला. काळजीला संध्याकाळी वीस मिनिटं ठरवून द्या, दिवसभरात काही आठवलं की कागदावर लिहायचं आणि तेव्हाच बघायचं. सुरुवातीला हसू येईल, करून बघा. चहा चार वाजल्यानंतर बंद, हे मला स्वतःला सगळ्यात जड गेलं.

नातेवाइकांना सगळं सांगत बसायची गरज नाही. घरातल्या एकाच माणसाला सांगा आणि त्याला काम ठरवून द्या, म्हणजे गोळीची आठवण, ओपीडीला सोबत. 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांना हो म्हणून सोडून द्यायचं.

आणि बरं वाटायला लागलं की लगेच गोळ्या सोडू नका. पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, आधी कधी झालेलं असेल तर अजून जास्त. एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं आणि लोकांना वाटतं आजार परत आला. डॉक्टर हळूहळू कमी करतात, फक्त परीक्षा, नोकरी बदलणं किंवा घरातलं लग्न असल्या गडबडीच्या महिन्यात कमी करायला सुरुवात करायची नाही, तारीख पुढे ढकलून मागा.