हात कोॲक्सवर ठेवला आणि दोष सापडला

शिखरावर हॅम रेडिओच्या २० मीटर बँडवर ५ वॅटने मोर्स पाठवताना कीयर (मोर्सचे ठिपके-रेघा तयार करणारं साधन) मध्येच भलतेच ठिपके टाकू लागला, एसडब्ल्यूआरचा आकडाही (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा, १ सर्वोत्तम) नाचत होता. आधी बॅटरी बदलली. काही फरक नाही. मग सहज कोॲक्सला, म्हणजे रेडिओपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलला, हात लावला तर आकडा हलला! तिथेच उलगडलं. अर्ध्या तरंगलांबीच्या, एका टोकाला कोॲक्स जोडलेल्या अँटेनाच्या तारेलाही प्रवाहाच्या परतीची वाट लागते. ती दिली नाही तर कोॲक्सची जाळीच अँटेना होऊन बसते आणि प्रवाह थेट रेडिओपर्यंत येतो. तार आणि कोॲक्स यांच्यामधल्या ४९:१ ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड टोकाला १ मीटर तार जोडली, जाळीवरचा प्रवाह अडवायला रेडिओजवळ कोॲक्सचे ९ वेढे फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) कड्यातून घेतले. (वेढे घट्ट आवळू नका, कोॲक्स आतून दबते.) आकडा १.४ वर थांबला. सोटाच्या (शिखरांवरून रेडिओ संपर्क करण्याचा उपक्रम) गुणांना लागणारे ४ संपर्क २० मिनिटांत झाले. आनंदाने वारा विसरलो.